सतरा इंचांत तेरा हजार किलोमीटर

२ मार्च, सोमवार

दोन तिकिटांवर तिकीटवाल्याने ही डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक छोटं विमान छापलंय. फुकट मिळालेलं वाया घालवायचं नाही हा आमच्या घराण्याचा नियम, म्हणून लिहायला घेतली. दुकानातल्या कापड बेतायच्या टेबलावर उभ्याने लिहितोय. मी सगळं उभ्यानेच करतो, जेवतोसुद्धा. सगळी हयात लोकांचे सोफे आणि खुर्च्या भरण्यात गेली, स्वतः बसायला सवड कुणाला आहे.

बातमी अशी, की हिची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्रेसष्टाव्या वर्षी लग्न करतायत. ताई पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला असतात. तिकडे एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. नवरदेव निवृत्त माळी. म्हणजे या वयात मला साडू मिळणार. दहा एप्रिलला नोंदणी कचेरीत लग्न आहे. दोन साक्षीदार लागतात आणि ते दोघं तुम्हीच, दुसरं कुणी चालणार नाही, असं ताईंनी फोनवर बजावलं. हिची आई लहानपणीच गेली. वेणीफणीपासून शाळेच्या फीपर्यंत हिचं सगळं ताईंनी केलं. फोन ठेवल्यावर ही डोळेही पुसत होती आणि हसतही होती, त्यामुळे मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

शिवाय प्रवासही काही फार नाही. तिकिटावर स्वच्छ छापलंय, चार एप्रिलला पहाटे पाचला सुटतं आणि त्याच दिवशी सकाळी नऊ चाळीसला पोचतं. पावणेपाच तासही नाहीत. हिच्या मावसभावाकडे बसने जायला याहून जास्त वेळ लागला होता. तेव्हाही मी ड्रायव्हरशी गप्पा मारत उभा होतो.

४ मार्च

शेजारच्या गाळ्यातला घड्याळवाला म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याला तिकीट दाखवायला गेलो हीच चूक झाली. त्याने भिंग लावून वाचलं आणि म्हणाला, "तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. हे नऊ चाळीस त्यांचे आहेत, आपले नव्हेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे पाच तास धरू नका. पंधरा तास दहा मिनिटं."

दुकान उघडंच टाकलं. हिच्या काळजीने. तसाच तिकीटवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, तेरा हजार तीनशे किलोमीटर आहे. पावणेपाच तासांत रॉकेट जाईल."

"मग तिकिटावर खोटं कशाला छापता?"

"खोटं नाही हो. निघताना इथलं घड्याळ, पोचताना तिथलं."

दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळ्या टेपने मोजून देण्यासारखं झालं हे. आमच्या धंद्यात असं केलं तर लोक दुकानासमोर उभे राहतील. मी त्याला विचारलं की मधे कुठे थांबतं का, निदान पाय मोकळे करायला. नाही म्हणाला. सलग.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हटलं, तुझे गुडघे आहेत, पंधरा तास तुला झेपणार नाहीत, नीट विचार कर. ही म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" बायका आपलं दुखणं सांगत नाहीत, आपणच ओळखायचं असतं.

७ मार्च

परत तिकीटवाल्याकडे. त्याच्या संगणकावर विमानाचा रस्ता दिसतो. सरळ जायचं सोडून ते धनुष्यासारखं वर, बर्फाच्या टोकाकडे चढतं आणि मग खाली उतरतं. त्याच्याच भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी खिशातला टेप काढून दोन गावांमध्ये सरळ धरला आणि म्हटलं, हा रस्ता बघा आणि तुमचा वळसा बघा. गिऱ्हाईक नवखं दिसलं की रिक्षावाला असाच फिरवतो.

"काका, पृथ्वी गोल आहे," तो म्हणाला.

"ते मला शाळेत सांगितलंय. वळसा का घेता ते सांगा."

त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तिकीट काढायला घेतलं. निरुत्तर झाला असावा. सरळ गेल्याने दोन तास वाचत असतील तर हिला तेवढाच आराम.

८ मार्च

आज दिवसभर एका घुमटी बैठकीच्या गोल स्टुलाला कापड चढवत होतो. दोन्ही कडांना समोरासमोर एकेक खिळा ठोकला होता, दोन्ही एकाच उंचीवर. मधलं अंतर बघायला टेप धरला आणि ताणला, तर तो कडेकडेने न राहता सुळकन वर, घुमटाकडे सरकला. खाली ओढून कडेने धरला तर टेप पुरेना. चार वेळा करून पाहिलं.

म्हणजे विमानवाले बरोबर आहेत. वर चढून जाणं हाच जवळचा रस्ता आहे. आता त्यांच्याशी भांडायला काही उरलं नाही, याचं जरा वाईटच वाटलं.

११ मार्च

हिच्यासाठी एक नामी युक्ती सुचली. रंगीत तालीम. तिकीटवाल्याकडून विमानातल्या खुर्चीची मापं आणली. बैठक सतरा इंच रुंद. पुढच्या खुर्चीपासून मागच्या खुर्चीपर्यंत एकतीस इंच. मी दोनदा विचारून घेतलं. गेल्या वर्षी एका बाईंच्या कुत्र्याला गादी करून दिली ती वीस इंचांची होती, आणि कुत्रा लहान होता.

ठरवलं की अशाच तीन खुर्च्या जोडून करायच्या, वर घरात, दिवाणखान्यात मांडायच्या आणि हिला थोडं थोडं करून पंधरा तासांची सवय लावायची. हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "करा. चांगली कल्पना आहे. पण तीन कशाला?"

"तिसऱ्यावर परका माणूस बसतो. त्याचीही सवय हवी."

"आणि मधे कोण बसणार?"

"तू खिडकीशी. मी मधे. तुला आधार."

"बरं," म्हणाली.

१६ मार्च

खुर्च्या झाल्या. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण काम देखणं झालंय. दंतवैद्याच्या प्रतीक्षाखोलीतल्या खुर्च्यांसाठी आणलेलं निळं रेक्झिन त्यावर लावलं. त्याचं काम पुढे ढकललं, दात काय पळून जात नाहीत. पट्टे भंगारातल्या मोटारीचे मिळाले. पुढची खुर्ची म्हणून एक फळी उभी केली आणि तिला जेवणाचा ताट-फलक बिजागरीने बसवला. खिडकी म्हणून खरी खिडकीच आहे, त्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

१८ मार्च

पहिली तालीम. फक्त तीन तास ठरवले होते. ही लोकरीचं विणकाम घेऊन खिडकीशी बसली. मी मधे बसलो, पट्टा लावला आणि लगेच लक्षात आलं की गॅस बंद आहे का बघायला हवं. बंद होता. परत बसलो तर फळीचा स्क्रू ढिला वाटला. मग खाली दुकानाचं कुलूप. मग विमानात चहा कोण देतं हे दाखवायला हवं म्हणून चहा केला. चहा दिल्यावर कपबशा विसळायच्या होत्या.

ही पूर्ण वेळ बसून होती, पण तिची घालमेल मला दिसत होती. पाच-सहा वेळा म्हणाली, "अहो, बसा ना." एकटीला भीती वाटत असणार. तीन तासांत अर्धी बाही विणून झाली.

२१ मार्च

दुसरी तालीम. मी बसतोय न बसतोय तोच दंतवैद्य आपल्या खुर्च्यांची चौकशी करायला तावातावाने जिना चढून आला. स्वतःचं रेक्झिन बघून त्याचा आवाज चढला. हिने त्याला म्हटलं, "डॉक्टर, उभे का, बसा की." तो तिसऱ्या खुर्चीवर बसला, मागे टेकला आणि भांडता भांडता झोपला. डोकं माझ्या खांद्यावर.

आता परक्या माणसाला उठवायचं कसं. एकीकडे ही आणि दुसरीकडे त्याचं डोकं, यांच्यात मी अडकलो. कानात आपल्याच काळजाचे ठोके ऐकू यायला लागले. सदरा पाठीला चिकटला. खोलीत फार उकडत होतं. हिने खिडकी उघडली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एकदा श्वास सोडा बघू."

चाळीस मिनिटं बसलो. पूर्वी इतका कधी बसलो असेन असं आठवत नाही. दंतवैद्य जागा झाला तेव्हा भलताच खूश होता. म्हणाला, मला अशाच करून द्या, पट्ट्यांसकट. पट्टा असला की नंबर येईपर्यंत रोगी पळून जाणार नाही.

२३ मार्च

घड्याळवाला येऊन समोरच्या भिंतीवर दोन घड्याळं लावून गेला. एक इथलं, एक ताईंचं. न मागता. लष्करच्या भाकऱ्या भाजायची याला भारी हौस.

ताईंचा फोन होता. साडू बागेत स्वतः लावलेली फुलं कचेरीत नेणार म्हणे. मग ताईंनी मला फोनवर घेतलं. "जावईबापू, तुमची सही सरळ येते ना? माझ्या लग्नाच्या कागदावर वाकडी नको." मी म्हटलं, येते. फोन ठेवल्यावर कापडाच्या तुकड्यावर खडूने चार वेळा सही करून पाहिली.

२६ मार्च

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय, पण डायरीला खोटं सांगून करायचं काय.

तिसरी तालीम, सहा तासांची. या खेपेला हिने स्वतःच्या हाताने माझा पट्टा लावला. खटका वाजला. थोड्या वेळाने मी सहज तो उघडून बघितला तर उघडेना. भंगारातलाच तो. पुन्हा दाबला, उघडेना. मग पुढची फळी जवळ आल्यासारखी वाटली, मग छत. ही म्हणत होती, थांबा, मी काढते, थांबा. पण माझ्या खिशात कापडाची कात्री असते. मी पट्टा कापला आणि उठून थेट जिन्यात जाऊन उभा राहिलो.

ही मागून आली. हातात पट्ट्याचा तुकडा. आधी माझ्या हातातली कात्री काढून घेतली. मग म्हणाली, "अहो, माझे गुडघे चांगले आहेत."

"मला काय माहीत."

"तुम्हाला माहीत आहे. मला भीती वाटत नाही. तुम्हाला वाटते."

मी रागावलो. म्हटलं, तुझ्यासाठी मी तीन खुर्च्या केल्या, गिऱ्हाइकाचं रेक्झिन वापरलं, वाईटपणा घेतला, आणि वर हे ऐकून घ्यायचं. बोलत होतो, पण जिन्यातून वर जायची हिंमत होत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आत्ता टेबलापाशी एकटाच आहे. लिहून टाकतो. हो, वाटते. बांधून बसवलं आणि उठता येणार नाही म्हटलं, की माझा जीव घाबरा होतो. पहिल्यापासून. म्हणून मी बसत नाही. बास.

२७ मार्च

हिला सांगितलं. तिला आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. म्हणाली, "मी जाणार. तुम्ही बरोबर असलात तर बरं वाटेल, नसलात तरी जाणार. ताईच्या लग्नाला तिच्या माहेरचं कुणी नाही असं मी होऊ देणार नाही."

"आणि दुसरी सही?"

"ते माझं मी बघते." चप्पल घालून तिकीटवाल्याकडे गेली. तासाभराने येऊन म्हणाली, "तुमच्या तिकिटाचं मी बघितलंय." पुढे काही विचारायची माझ्यात ताकद नव्हती. सुटलो असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळी जेवलो तेही उभ्याने, पण चव लागली नाही.

१ एप्रिल

हिची बॅग भरून झाली. घरात ही एकटीच शिट्टी वाजवत फिरते. तिसऱ्या खुर्चीखाली काहीतरी कोंबून वरून चादर टाकलीय. म्हणाली, "लोकरीचं सामान आहे. उगाच हात घालू नका." मी कशाला घालतोय. तो स्वेटरही झाला म्हणे. साडूचा असणार. नवी माणसं आली की जुन्यांना कोण विचारतं.

४ एप्रिल

विमानतळावर दारापर्यंतच सोडतात. ही आत गेली. काचेतून मागे वळून हात केला आणि मग रांगेत एवढीशी दिसायला लागली. ज्या बाईला मी पंधरा तास झेपणार नाहीत असं महिनाभर सांगत होतो, ती खांद्यावर पर्स टाकून तरातरा चालली होती. मला माझीच लाज वाटली.

घरी पोचलो तेव्हा इथल्या घड्याळात पाचला पाच कमी होते. दिवाणखान्यात तीन खुर्च्या. मनात आलं, आता ती बसली असेल. खिडकीशी बसली असेल. मधल्या खुर्चीवर कोण असेल? कुणी ढिम्म माणूस असला आणि तिच्याशी बोललाच नाही तर? म्हटलं, उडेपर्यंत आपणही बसू. तेवढंच तिला सोबत.

बसलो. कापलेला पट्टा हाताशी पडला होता. बसल्या बसल्या वाकडी सुई आणि मेणदोरा घेऊन तो शिवायला लागलो. माझा टाका बारीक असतो, त्यात वेळ गेला. शिवून झाल्यावर नीट झालाय का बघायला लावला. खटका वाजला. छत होतं तिथेच राहिलं.

उजाडलं. टाकीवर ऊन आलं. ती आता समुद्रावर असेल. थरथरलं असेल का विमान? तिला थरथर आवडत नाही, बसमध्ये मी शेजारी उभा असलो की ती माझी बाही धरते. आज कुणाची धरेल? तिच्या विचारात असताना आपण बसलोय हे विसरायला होतं, आणि आठवलं की पुन्हा छातीत धडधडायचं. मग पुन्हा तिचा विचार करायचा. असं चाललं होतं.

दुपारी घड्याळवाल्याने खालून हाका मारल्या, दुकान का बंद म्हणून. मी ओरडून सांगितलं, वरचं दार उघडंच आहे, मी विमानात आहे. तो वर आला, बघून गेला आणि त्याच्या घरचा डबा घेऊन परत आला. ताट-फलक खाली पाडून त्यावर मांडला. म्हणाला, "पाणी की सरबत?" पहिल्यांदा त्या माणसाबद्दल बरं वाटलं. जेवलो. बसून. मग त्याने भिंतीवरची घड्याळं पुसली आणि म्हणाला, "आता बर्फावरून चाललं असेल." म्हणजे घुमटाच्या टोकावर, सगळ्यात वर. टेप ताणून धरलाय आणि त्यावरून आमची ही चाललीय.

मोरीत दोनदा जाऊन आलो. विमानात तेवढं चालतं, तिकीटवाल्याला विचारून ठेवलं होतं. एरवी उठलो नाही. पाठ धरली, पाय सुजले, बैठकीच्या पुढच्या कडेला भराव अर्धा इंच जास्त झालाय हे समजलं. बसल्याशिवाय खुर्ची कळत नाही. गिऱ्हाइकांना मी काय काय विकलंय देव जाणे.

ताईंच्या घड्याळात नऊ चाळीस झाले. आपल्याकडे रात्रीचे आठ दहा. मी पट्टा सोडला आणि उठलो, तर पाय हलेनात. पुन्हा बसलो आणि एकट्यानेच हसलो.

नऊनंतर फोन वाजला. पलीकडे ताईंचा, साडूचा आणि हिचा एकदमच आवाज. मग ही एकटी.

"पोचले. पाठ कशी आहे?"

"कुणाची?"

"तुमची. बसला होतात ना?"

मी पट्टा बाजूला सारला. मग विचारलं, घड्याळवाल्याने फोन केला का. ती म्हणाली, "मी विमानात होते, मला कोण फोन करणार? इतकी वर्षं झाली, मला कळत नाही का. कुणी बसवलं तर तुम्ही बसणार नाही, आणि मी नसताना दुसरं काही करणार नाही."

"बरं, मग?"

"मग तिसऱ्या खुर्चीखाली हात घाला."

चादर ओढली. माझी बॅग. भरलेली, इस्त्रीचे कपडे वर. त्यावर तो स्वेटर. माझ्या मापाचा, डावी बाही पहिल्या तालमीत अर्धी विणलेली तीच.

"तुझी लोकर कुठाय?"

"स्वेटर लोकरीचाच आहे ना. आठ तारखेचं विमान आहे तुमचं. मी तिकिटाचं बघितलंय म्हटलं होतं, रद्द केलंय म्हटलं नव्हतं." मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, विमान खूप हललं. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. दांडा काही तुमच्यासारखा नसतो. याल ना?"

८ एप्रिल

विमानात. जमीन दिसेनाशी झाली आहे.

आधी टेप लावला. बैठक सतरा नाही, पावणेसतरा भरली. पाव इंच चोरलाय. पुढची शिवण उसवलीय आणि माझी सुई तपासणीत काढून घेतली, नाहीतर पोचेपर्यंत घालून दिली असती टाके. पट्टा लावताना खटका वाजला तेव्हा कपाळाला घाम आला. मग ताईंचा कागद डोळ्यांपुढे आणला, खाली आपली सही सरळ रेषेत काढली, पुन्हा काढली. अशा बऱ्याच सह्या झाल्यावर बघतो तर ढग खाली.

खिडकीशी एक कॉलेजातली मुलगी आहे. सुटताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. म्हटलं, पहिल्यांदाच? ती म्हणाली, हो, आणि तुम्ही? म्हटलं, दुसऱ्यांदा. पहिला प्रवास घरच्या घरी झाला. तिला समजलं नाही, पण माझी बाही धरून ठेवली आहे. हिने विणलेलीच. म्हणून ही नोंद जरा वाकडीतिकडी येतेय.

आत्ताच विमानातली बाई विचारून गेली, "काका, खूप वेळ झाला, उठून जरा पाय मोकळे करता का?"

म्हटलं, नको. बसतो.